अर्धी वाटी द्राक्षासव

या, अशा जवळ या. मागं टेकून बसलेल्यांनी जरा पुढं सरकावं, माझा आवाज फार लांब जात नाही. हातात काम असेल तर असू द्या. शेंगा फोडता फोडता ऐकलं तरी चालतं, मीही पुष्कळ कीर्तनं लसूण सोलत ऐकलीत. तुम्हाला एक गोष्ट सांगते. माझ्याच हातून घडलेली आहे. तिच्यात एका माणसाची माळ आहे, एका बाईचा राग आहे आणि अर्धी वाटी द्राक्षासव आहे. बुवा लोक दृष्टांत रंगवून सांगतात, तसं मला जमणार नाही. झालं तसं सांगते.

माझं नाव हिरा. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. सासरे गेले तशी मेंढरं विकली, मग मालकही गेले. मुलगा सार्थक चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. रविवारी त्याचा फोन येतो. "जेवलीस का?" विचारतो, मी "जेवले" म्हणते. मग दोघांनाही पुढं काही सुचत नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी मी मंचरला सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात लागले. नऊ वर्षं तिथं काढली. रस्त्यापासून आत, उसाच्या मधोमध ती इमारत आहे. पूर्वी तिथं पोल्ट्री होती. नंतर भिंती चढवल्या, फरशी घातली, निळा रंग दिला, पण ऊन तापलं की कोपऱ्यांतून कोंबड्यांचा वास अजून उठतो.

सलाईन लावणं, इंजेक्शन देणं हे सिस्टरचं काम. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आलेल्या माणसाला आंघोळ घालायची, नखं कापायची, दाढी करायची. हात थरथरत असेल तर पाण्याचा पेला त्याच्या ओठाला लावायचा, तोही दाताला लागणार नाही असा. ओकलेलं पुसायचं, चादर बदलायची, नाडी मोजून कागदावर लिहायची. सकाळी चहाच्या वेळी गोळ्या द्यायच्या आणि म्हणायचं, "आ करा. जीभ वर." मोठमोठे मिशीवाले बाप्ये माझ्यासमोर जीभ वर करून दाखवायचे. सगळे मला मावशी म्हणत. माझ्या बापाच्या वयाचे असले तरी मावशीच.

गोकुळ नावाचा एक पिकअप चालवणारा तिथं उपचाराला होता, तो एकदा म्हणाला, "मावशी, बारमध्ये इतकी वर्सं गेलो, पण इतक्या मायेनं पाणी कोणी पाजलं न्हाई."

"बारमध्ये पाणी प्यायला गेला असतास तर पाजलं असतं," मी म्हणाले. सगळी खोली हसली.

राहायला मला मागच्या बाजूला एक खोली होती. ड्यूटी संपली की मी तिथं एका भाकरीचं पीठ मळायची. एका भाकरीचं पीठ परातीत फार थोडं दिसतं. सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मी कीर्तनाला जायची, जिथं सप्ताह चालू असेल तिथं. बायकांच्या बाजूला, मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ बसायची. कोणीतरी विचारायचं, "कुठल्या तुम्ही?" मी म्हणायची, "मंचरची." तेवढंच. पण मृदंगावर थाप पडली, टाळ सुरू झाले, सगळ्यांचे हात वर गेले की माझेही जायचे आणि मग कोण कुठली हे कोणी विचारत नसे. दोन तास मी कोणाची तरी असायची.

कीर्तनात बुवा उभे असतात तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं. माझं लक्ष मागं असतं. मागं टाळकरी उभे असतात, ते धृपद धरतात. बुवा अभंगाचा एक चरण घेतात आणि निरूपण करत करत पार लांब जातात. परत येऊन त्यांनी नुसता हात केला की मागच्यांनी धृपद अचूक उचलायचं. एका श्वासाचा उशीर झाला तरी रंग जातो. मालक गेले त्या वर्षी अवसरी बुद्रुकला मी असं एक धृपद ऐकलं होतं. टाळकऱ्यांच्या रांगेतला एक आवाज, जाड, कडेला किंचित फाटलेला, काकवीसारखा. मालक जाऊन चार महिने झाले होते आणि मला रडू आलं नव्हतं. त्या आवाजानं आलं. तो माणूस कोण, मी विचारलं नाही. चेहराही नीट दिसला नव्हता.

आता पुढं ऐका.

मागच्या पौषात तिघांनी एका माणसाला जीपमधून धरून उतरवलं. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचा उंच, पण वाकलेला. रजिस्टरवर अंगठा द्यायलाही हात ठरेना. नाव रखमाजी, राहणार पिंपळवंडी, मळ्यातल्या वस्तीवर. तिसऱ्या दिवशी त्याला चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. दारू सुटताना तसं होतं.

"मावशी, मुंग्या झाडा."

कोर्समध्ये शिकवलंय की अशा वेळी हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. मी तळहातानं चादर झाडली.

"अजून एक ऱ्हायली."

मी पुन्हा झाडली. त्या दिवशी ती चादर मी किती वेळा झाडली असेल, पांडुरंगाला ठाऊक.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी ओल्या फडक्यानं त्याची पाठ पुसत होते आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला लागला. शब्द नव्हते, नुसती चाल. माझा हात तिथंच थांबला. कडेला किंचित फाटलेला तोच आवाज.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. पाणी गार झालं," मी म्हणाले आणि बादली घेऊन बाहेर गेले.

त्याला मी कधी सांगितलं नाही. माझ्या वाईट दिवसात याच माणसानं मला रडवलं होतं, हे त्याच्या वाईट दिवसात कसं सांगायचं?

त्याचा एक चाळा होता. बोलता बोलता त्याचा हात गळ्याशी जायचा, काहीतरी चाचपायचा आणि रिकामाच खाली यायचा. तिथं तुळशीची माळ असायची. आपल्याकडे माळ घालणं म्हणजे शपथ घेणं असतं. माळकऱ्यानं दारूला, मटणाला शिवायचं नाही. शिवला तर माळ उतरवायची. रखमाजीची माळ दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं, उतरवून घेतली होती.

आमच्याकडे पहिले पंधरा दिवस घरच्यांना भेटता येत नाही. सोळाव्या दिवसानंतरच्या पहिल्या रविवारी ती आली. ताठ बाई. डोक्यावरचा पदर जरा म्हणून ढळू न देणारी. भेटायच्या शेडमध्ये नवऱ्यासमोर बसली, कंबरेची पिशवी सोडली आणि माळ काढून टेबलावर ठेवली. जुनी, काळपट झालेली माळ. मधूनच सात-आठ मणी मात्र नवे, फिकट.

"ही बघा. हितंच हाय," ती म्हणाली. "माघातल्या सप्त्याला काल्याच्या दिवशी बुवांच्या हातानं घालू. गावाला मी सांगून ठेवलंय. पर एक थेंब जरी गेला, तर ही नदीला सोडीन. मंग तुमी तुमचं, मी माझं."

रखमाजीनं माळेला हात लावला नाही. नुसता बघत राहिला. तिनं ती पुन्हा पिशवीत घातली आणि गेली. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. आली, माळ ठेवली, दाखवली, उचलली.

मधल्या काळात डॉक्टरांनी त्याला एक गोळी सुरू केली होती. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर अंगावर उलटते. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली जातो. माणूस त्या भीतीनं दारूपासून लांब राहतो. देण्याआधी सही घेतात. आम्हालाही आमच्या वृषाली सिस्टरनं बजावलं होतं. सव्वीस वर्षांची पोर, पण कामात कडक. "या पेशंटला खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

मी मान हलवली होती. खोकल्याचं औषध म्हणजे माझ्या डोळ्यापुढं मेडिकलमधली लाल बाटली आली. दुसरं काही आलंच नाही.

काला बुधवारी होता. मंगळवारी त्याला घरी सोडणार होते. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी थंडी वाढली आणि रखमाजीचा घसा बसला. शनिवारी तो नुसता कुजबुजत होता. रविवारी सकाळी मी गोळी दिली, "आ करा, जीभ वर" झालं आणि तो म्हणाला, "मावशी, भजनी मंडळानं निरोप दिलाय. म्हणले, यंदा धृपदाला उभा ऱ्हा. दोन वर्सांनी बोलावलंय आन् गळा असा."

"आज कोण येणार आहे?"

"ती येईल अकराला. माळ घिऊन."

माझ्या फडताळात द्राक्षासवाची बाटली होती. मला थंडीत भूक लागत नाही म्हणून आणलेली. आपल्या भागात कोणाच्या घरात नसते ती? बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्यांना देतात, घसा बसलेल्या टाळकऱ्याला तर सप्त्यात हमखास देतात. साडेदहाला मी अर्धी वाटी ओतली, तेवढंच कोमट पाणी घातलं आणि पदराआड झाकून घेऊन गेले. पदराआड का झाकली? नियम आहे म्हणून. बाहेरचं काही द्यायचं नाही हा नियम. मी नियम मोडत होते हे मला कळत होतं. त्याला अपाय करतेय हे कळत नव्हतं.

त्यानं वाटी हातात घेऊन विचारलं, "यात काय वावगं न्हाई ना, मावशी?"

"अहो, द्राक्षाचं आहे. आपल्या जुन्नरचीच द्राक्षं असतील. देवाला नैवेद्य दाखवता, ते तुम्हाला बाधेल?"

तो हसला. प्यायला. ओठ चाटून म्हणाला, "गोड हाय."

"आता बघा आवाज कसा सुटतो," मी म्हणाले आणि वाटी घेऊन आले.

अकरा वाजून पाच-दहा मिनिटांनी मी शेडमध्ये पाण्याचा जग ठेवायला गेले. प्रयागबाईनं नुकतीच माळ टेबलावर ठेवली होती. रखमाजी तिच्याकडं बघत होता आणि त्याचं तोंड मानेपासून वर लाल होत चाललं होतं. डोळेही लाल. त्यानं छातीवर हात दाबला, उठायला गेला आणि तिथंच ओकला.

प्रयागबाईनं त्याला सावरायला हात पुढं केला. त्याच्या तोंडाजवळ ती वाकली आणि वाकलेलीच थांबली. मग सरळ झाली.

"प्यालाय," ती म्हणाली.

"न्हाई गं."

"वास येतोय मला."

"न्हाई प्यालो."

तो माझ्याकडं वळला. मी कोपऱ्यातलं घमेलं त्याच्यापुढं धरून उभी होते, त्याच्या ओकारीचं. गोडसर, आंबूस वास माझ्याही नाकात गेला. तो वास माझ्या फडताळाचा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चांगलं ओळखून पाहिलं आणि मान खाली घातली. "न्हाई प्यालो," एवढंच पुन्हा म्हणाला. कोणी काय दिलं, ते म्हणाला नाही.

प्रयागबाईनं माळ उचलली, पिशवीत कोंबली आणि चालू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मग धावपळ झाली. वृषाली सिस्टरनं ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, डॉक्टरांना फोन केला. रक्तदाब बराच खाली गेला होता. "काय घेतलं? कोणी आणून दिलं?" ती विचारत होती. तो डोळे मिटून गप्प. मग खोलीतल्या प्रत्येकाचं सामान तपासलं. शेजारच्या पलंगावरच्या गोकुळची पेटी उलटी केली तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, माझ्याकडं असती तर त्याला कशाला दिली असती? एकट्यानं संपवली नसती का?" कोणी हसलं नाही.

मी त्याचा सदरा बदलला, जवळ बसून नाडी मोजत राहिले. एकशे वीस. एकशे सोळा. एकशे चार. दुपारी एकपर्यंत तो ठीक झाला. सिस्टर बाहेर गेली तसा डोळे न उघडता म्हणाला, "मावशी, ती बाटली कुठं हाय?"

"खोलीत."

"फेकून द्या. कुणाला सांगू नगा."

"असं कसं? ती माळ..."

"मला घर हाय. दार उघडलं न्हाई तर न्हाई उघडणार, पर घर हाय." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "तुमी कुठं जाणार?"

नऊ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सार्थकनंही नाही.

मी खोलीत आले. वाटी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. मग पलंगावर बसून राहिले. बुवा सांगतात, हाक मारली की देव येतो. येत असेल. त्या दिवशी मी हाकच मारली नाही. काय उत्तर मिळेल ते मला ठाऊक होतं आणि ते ऐकायचं नव्हतं. तासभर तशीच बसले. भिंतीपलीकडं जेवणाची ताटं वाजत होती. मी नसले तरी ती उद्याही वाजणार होती, पण मला ऐकू येणार नव्हती. मला त्याचंच वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

दोन वाजता मी बाटली घेऊन सिस्टरकडं गेले.

तिनं ऐकून घेतलं. बाटली फिरवून लेबलावरची बारीक अक्षरं वाचली. औषध मुरताना त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो, असं त्या बाटलीवरच छापलेलं होतं. मी ती बाटली दोन महिने रोज हातात घेत होते.

"मावशी," ती म्हणाली, "नऊ वर्षं." रजिस्टर ओढलं आणि लिहायला लागली. मग केंद्राच्या सरांना फोन लावला. मला बाहेर पाठवलं नाही, माझ्यासमोरच सगळं सांगितलं. फोन ठेवून म्हणाली, "उद्यापासून नको म्हणालेत."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "प्रयागबाईला कोण सांगणार?"

तिनं तीनदा फोन लावला. उचलला नाही. बाटली पिशवीत घालून मी मंचर स्टँड गाठलं.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. नारायणगावच्या पुढं रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे क्रेट लावलेले होते. एरवी बघितल्यावर बरं वाटतं, त्या दिवशी तिकडं बघवेना. पिंपळवंडीला उतरले, विचारत विचारत वस्तीवर गेले. साडेचार झाले असतील. नदी तिथून लांब नव्हती आणि माझ्या मनात एकच होतं, बाई जाऊन आली की काय.

प्रयागबाई ओसरीवर सूप घेऊन सप्त्याचे गहू निवडत होती. पिशवी कंबरेला होती. पिशवीत माळेचा फुगवटा दिसला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"तुमी दवाखान्यातल्या मावशी न्हाई का?" ती म्हणाली. "मेला का?"

"ठीक आहे. ताई, त्यांनी दारू घेतली नाही. मी दिलं. घसा बसला होता म्हणून मी द्राक्षासव दिलं आणि गोळी चालू असताना ते चालत नाही. मला कळलं नाही. चूक माझी आहे."

तिनं सूप एकदा पाखडलं. भुसा उडाला.

"त्येनं पाठवलं तुमास्नी."

"नाही. ते तर सांगू नका म्हणाले."

"बाई, हितं आजवर लई पावणं येऊन गेलं. एक म्हणला, वैनी, मीच आग्रह केला. एक म्हणला, ते औषध व्हतं. एक तर ह्याच वसरीवर बसून रडला. दारुड्याला साक्षीदार लई मिळत्यात." ती माझ्याकडं बघून जरा हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "बाईमाणूस तेवढं ऱ्हायलं व्हतं. आज तेबी आलं."

खरं सांगायला आलेल्या माणसाला काय शपथ घ्यावी लागते, मला सुचेना. मी पिशवीतून बाटली काढली आणि सुपाशेजारी ठेवली. "वास घ्या," म्हणाले. "सकाळी आला तोच वास आहे का, एवढं बघा. नसला तर मी जाते."

बराच वेळ तिनं बाटलीला हात लावला नाही. मग झाकण काढून नाकाशी नेली. नाकाशीच धरून राहिली. गव्हात चिमण्या उतरल्या तरी तिनं हाकलल्या नाहीत.

मग ती उठली आणि आत गेली. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरी बाटली होती, धूळ बसलेली, अर्धी रिकामी. तीही द्राक्षासवाचीच. तिनं ती उघडली, हुंगली आणि उंबऱ्यावर बसली.

"ह्या गोळ्या दोन वर्सांमागंबी व्हत्या," ती म्हणाली. "नारायणगावच्या डॉक्टरनी दिलेल्या. मीच द्यायची, रोज सकाळी. आठ म्हैने थेंबाला शिवला न्हवता. काल्याच्या आदल्या दिशी घसा बसला." तिनं बाटलीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "मीच पाजलं. हेच. वाटीभर."

मी ओसरीच्या कडेला टेकले.

"त्वांड असंच लाल झालं. मांडवात, समद्या गावासमोर ओकला. म्हणला, न्हाई गं प्यालो. मी त्येच्या गळ्यातली माळ वढली. दोरा तुटला. मणी सांडलं समद्या मांडवात. बाया येचू लागल्या. सात मणी घावलं न्हाईत. त्याच रोजी सांजंला गेला गुत्त्यावर. तवापासनं खरंच प्यायला लागला."

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे त्येला सांगायचं का?"

"मला विचारू नका, ताई. मला आज माझं सांगायला एक तास लागला."

"मला कळायलाच दोन वर्सं लागली," ती म्हणाली.

मग पदरानं तोंड पुसून उठली. चहा टाकते म्हणाली, पण मला एसटी गाठायची होती. उसातून अंधार पडायच्या आत निघावं लागतं, बिबट्याचा भाग. ती हातात काठी घेऊन मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी आली तेव्हा तिनं माझा दंड धरला, जरा दाबला आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, भेटीचा दिवस नव्हता. तरी ती सकाळीच आली आणि सिस्टरनं तिला आत सोडलं. मी माझी पिशवी भरून निघाले होते. दोन पातळं, परात, तवा, विठ्ठलाचा फोटो. नऊ वर्षांचं सामान एका खांद्यावर मावलं. खोलीच्या खिडकीवरून जाताना पाय थांबले. रखमाजी पलंगावर बसला होता, ती समोर स्टुलावर. मधे चादरीवर माळ. दोघांनीही तिला हात लावलेला नव्हता.

"कालच ध्येनात आलं व्हतं माझ्या," तो म्हणत होता, बसक्या आवाजात. "मावशीनं दिलेलं प्यालो आन् तसंच झालं, तवा मागचं आठवलं. म्हणलं, आता तुला कशाला सांगायचं."

मग त्यानंच विचारलं, "किती मणी घावलं न्हवतं?"

"सात."

"मला वाटलं पाच."

मी पुढं निघाले. तिथं उभं राहण्याचं मला काही कारण नव्हतं.

बुधवारी मी काल्याला गेले. न बोलावता गेले, कीर्तनाला बोलावणं लागत नाही. शेवटच्या खांबाजवळ बसले. बुवांनी त्याला पुढं बोलावून माळ घातली तेव्हा तो वाकला आणि कोणीतरी "राम कृष्ण हरी" म्हणालं, मग सगळेच म्हणाले. त्याचा घसा काही सुटला नव्हता. तो टाळकऱ्यांच्या शेवटच्या रांगेत उभा राहिला, नुसते टाळ वाजवत. धृपद दुसऱ्यांनी उचललं. पण त्याचे ओठ प्रत्येक वेळी बरोबर हलत होते, एका श्वासाचाही उशीर नाही. मी तेवढंच बघत बसले.

काला वाटताना प्रयागबाई बायकांच्या रांगेतून आली. माझ्या हातावर दह्यालाह्या ठेवल्या. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "ह्या कोण गं?"

"आमच्या पावण्या हाईत," ती म्हणाली आणि पुढं गेली. तिच्यामागं मोठी रांग होती.

आता मी नारायणगावला एका घरात बयाबाई नावाच्या आजींना सांभाळते. त्या अंथरुणाला खिळल्यात, बोलत नाहीत. मी त्यांना भरवते, कूस बदलते, संध्याकाळी फोनवर कीर्तन लावते. त्यांना ऐकू येतं की नाही, कळत नाही, तरी मी फोन त्यांच्या उशाशी ठेवते. भाकऱ्या दोघींच्या करते, त्या अर्धीच खातात. वृषाली सिस्टरचा मधे फोन आला होता. रखमाजी ठीक आहे म्हणाली, आजपर्यंत तरी. उद्याचं तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

तर गोष्ट एवढीच. रखमाजीची आठवण ठेवायला त्याचा आवाज आहे, भजनी मंडळ आहे, सगळी वस्ती आहे. मी तुमच्याकडं आठवण मागते ती दुसऱ्या माणसासाठी. एका बाईनं उंबऱ्यावर बसून धुळीची बाटली नाकाशी धरली आणि स्वतःविरुद्ध साक्ष दिली. बघायला त्या ओसरीवर चिमण्या होत्या आणि मी होते, आणि मी काही कायमची नाही. काल्याच्या दिवशी तुमच्या हातावर दह्यालाह्या पडतील तेव्हा खाण्याआधी घटकाभर थांबा आणि प्रयागबाईची आठवण करा.